तेहतीस अंशांवरची बाटली

मे महिना तापला की सगीराबींना वहाबचाचा आठवतात, आणि ईथरचा तो गोडसर, उग्र वास नाकात भरून येतो.

पोलीस ॲक्शनला पाच वर्षं झाली होती. औरंगाबादच्या एका छोट्या दवाखान्यात चाचा कंपाउंडर, आणि सतरा वर्षांची सगीरा त्यांच्या हाताखाली शिकाऊ. त्या दुपारी पिशोरच्या सरूबाईचं आतडं पिळलं होतं. ऑपरेशन तातडीचं, आणि भूल द्यायला ईथरची एकच बाटली उरलेली. तीही तापलेल्या खोलीत राहून कोमट झालेली.

"बाटली उघडा लवकर!" डॉक्टर हेमचंद्र आतून ओरडले.

सगीरानं बाटलीला बांधलेला तापमापक पाहिला. तेहतीस. "चाचा, पुस्तकात आहे, ईथर पस्तिसाला उकळतं. दोन अंश बाकी आहेत. उघडू?"

"पुस्तकवाला समुद्राकाठी बसून लिहितो, बेटी. आपण उंचावर. इथली हवा किती दाबते, भिंतीवर बघ."

बॅरोमीटर सातशे दहा दाखवत होता. समुद्राकाठी तो सातशे साठ असतो.

"आता ईथरच्या वाफेचा दाब काढ. वीस अंशांना चारशे चाळीस, तिसाला साडेसहाशे. मग तेहतिसाला?"

"दहा अंशांत दोनशे दहा वाढला. अंशाला एकवीस. तीन अंशांचे त्रेसष्ट... सातशे तेरा!"

"आणि गरमी वाढेल तसा तो जास्तच झपाट्यानं चढतो."

"म्हणजे त्याहूनही थोडा वर." तिनं बुचावरचा हात काढला. "हवेपेक्षा वाफ जोरदार! उघडली तर फसफसून निम्मं उडून जाईल."

"वहाबमियाँ, शाळा नंतर भरवा!" डॉक्टर दारात आले.

चाचांनी सगीराकडे पाहिलं. सगीराच बोलली, "साहेब, दहा मिनिटं द्या. ईथर कमी पडलं तर हिला मधेच जाग येईल."

बाकावरून सरूबाई कण्हली, "मधीच नगं गं पोरी... थांबते मी."

सगीरानं रांजणातलं गार पाणी घमेल्यात ओतलं आणि बाटली त्यात फिरवत राहिली. तीस. सत्तावीस. पंचविसाला तिनं बूच काढलं. बाटलीनं हूं की चूं केलं नाही. सरूबाई शेवटचा टाका पडेपर्यंत झोपली.

बाटली पाहताच चाचांना उत्तर ठाऊक होतं, हे सगीराबींना फार उशिरा कळलं, स्वतः मुलींना शिकवू लागल्यावर. डॉक्टर ओरडतोय, बाई कण्हतेय, आणि ओठांवरचं उत्तर गिळून मुलीचा हिशेब पुरा होऊ द्यायचा!

सगीराबींना ते काही कधी जमलं नाही. त्या उत्तर सांगून टाकायच्या.