गप्प राहिलेला ढोल

बॉनेटवर दोन संघ मांडले होते. पितळी वॉशर म्हणजे आपली पोरं आणि काळे बोल्ट म्हणजे घड्याळवाले. सामना रविवारी, पण भांडण आत्ताच पेटलं होतं.

"अरे, त्या बॉनेटला हात लावू नका! प्रायमर ओला आहे!" मामा आतून ओरडले.

कोणी ऐकेल तर शपथ. मामांचं गॅरेज म्हणजे दिवसभर चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायची जागा आणि संध्याकाळी फुटबॉलवाल्यांचा अड्डा. मामा म्हणजे मैदानावर आपले लोक बसतात त्या सगळ्या स्टँडचे मामा. हातात हातोडा असो की ढोलाची काठी, मनगट तेच. आपला संघ घरच्या मैदानावर उतरला की मामांचा ढोल सुरू व्हायचा, तो शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायचा नाही. स्टँडमधली लेकरं खेळाडूंच्या आधी मामांना ओळखायची.

आणि घड्याळवाले? हे नाव आपल्या स्टँडनेच ठेवलेलं. टिक इकडे, टिक तिकडे, चेंडू असा फिरवायचे की बघणाऱ्याला गुंगी यावी. सबंध मोसमात एकदाही हरले नव्हते. आपल्याकडून तर कित्येक वर्षांत नाही. मागच्या वेळी इथेच, आपल्याच घरी, चार गोल घालून गेले होते.

"मास्तर, तुमची भूमिती शाळेत ठेवा," प्लंबर म्हणाला आणि त्याने मधला मोठा बोल्ट उचलला. "हा त्यांचा सहा नंबर. सगळं पाणी याच्यातून जातं. नळ गळतोय म्हणून तुम्ही प्रत्येक नळाखाली बादली लावत बसलात तर आयुष्य जाईल. मेन कॉक बंद करा! एक माणूस याच्या मानगुटीवर बसवा, बास."

"आणि तो माणूस मानगुटीवर बसला की इथे भगदाड पडतं ते?" मास्तरांनी खडूने चक्क बॉनेटवर रेघ ओढली. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि बाहेरही शिकवणं सोडायचे नाहीत. "त्यांचा उजवा बॅक पुढे पळतो. त्याच्या मागे हा त्रिकोण मोकळा. तिथे लांब चेंडू टाका."

"लांब चेंडू टाकणार कोण? आपल्या डाव्या बॅकला रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो!"

"त्याला नावं ठेवू नकोस हां. गुणी पोरगा आहे."

"गुणी आहे हो. गुणी असून चेंडू स्टँडमध्येच मारतो. गेल्या खेपेला माझ्या चहात पडला."

गाडीच्या काढून ठेवलेल्या मागच्या सीटवर बुवा मांडी घालून बसले होते. बुवा निवृत्त पोस्टमन. स्टँडमधली सगळी गाणी त्यांची, चाली त्यांच्या, आणि सामन्याआधी पायऱ्यांवर उभं राहून गात गात चार शब्द सांगायची सवयही त्यांची, म्हणून ते बुवा. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला,

"जो तो म्हणे माझी युक्ती, देवा, चेंडू कोणाहाती..."

"बुवा, युक्ती सांगा, गाणं नंतर!"

"हीच युक्ती. श्रद्धा ठेवा. देव एकदा तरी त्यांचा पाय घसरवेलच की."

"देवाला दुसरी कामं आहेत," प्लंबर म्हणाला.

मामा हात पुसत बाहेर आले. बॉनेटवरची खडूची रेघ बघून त्यांनी कपाळाला हात लावला, पण रागवायला त्यांना वेळ नव्हता. त्यांच्याकडे स्वतःचा बेत होता. "सोडा रे तुमचे कॉक आणि त्रिकोण. मी सांगतो कसं हरवायचं. आवाज! गेल्या वेळी आपण कमी पडलो. या रविवारी मी दुप्पट वाजवणार. नवीन चामडं चढवलंय. पहिल्या मिनिटापासून असा ठोका धरतो की त्यांच्या छातीत धडकी भरली पाहिजे."

"बाबा, वाजवू नका."

दारात मामांची लेक उभी होती. दवाखान्यातून थेट आलेली, अजून पांढऱ्या बुटांत. ऑपरेशन झालेल्या, अंगावरून वारं गेलेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. बापाच्या खांद्यावर बसून तिने पहिला सामना बघितला होता, त्यामुळे या अड्ड्यात तिला बोलायला कोणाची परवानगी लागत नसे.

"काय म्हणालीस?"

"रविवारी ढोल वाजवू नका. मी जुने सामने पुन्हा बघितले. आपल्या घरी त्यांनी चार घातले. त्यांच्या घरी मात्र आपण एकानेच हरलो, आणि तेही धडपडत खेळले. त्या दिवशी काय नव्हतं?"

"आपला डावा बॅक नव्हता," प्लंबर म्हणाला.

"ढोल नव्हता. दारावरच्या माणसाने आत नेऊ दिला नाही, आठवतंय?" ती बापाकडे बघत हळू बोलू लागली. "माझे पेशंट असतात ना, पाऊल अडतं त्यांचं. मी टाळी वाजवते. एक, दोन, एक, दोन. पाय आपोआप पडायला लागतात. टाळी थांबली की पुन्हा अडतात. बाबा, घड्याळवाले तुमच्या ठोक्यावर पास देतात. मी नीट बघितलंय. ठोका पडतो आणि चेंडू सुटतो. आपली पोरं तर पळापळ करतात, त्यांना ताल कशाला हवाय? ताल लागतो तो त्यांना. आणि तो तुम्ही देता."

मामांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूने खेळत होतो?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस."

बुवा घाईने म्हणाले, "अगं पोरी, हे काय बोलणं झालं? ढोल म्हणजे आपल्या स्टँडचा प्राण."

"करून बघा की," ती म्हणाली. "इथेच."

कोपऱ्यात एक फुटबॉल पडलेला होताच. प्लंबर एका टोकाला, मास्तर दुसऱ्या टोकाला, मध्ये दारं काढलेली गाडी. मामांनी हट्टानेच हातोडा उचलला आणि चेपलेल्या दारावर ठोका धरला. ठण्, ठण्, ठण्. आणि काय सांगावं! पोट सुटलेला प्लंबर आणि चष्मा सावरणारे मास्तर, दोघं एकमेकांना असे पास देऊ लागले जणू जन्मभर तेच करत आलेत. ठण्, पास. ठण्, पास. मास्तरांनी तर एकदा टाचेने दिला.

"अहो मास्तर!" बुवा सीटवरून उठलेच.

मामांनी हातोडा थांबवला.

पुढचा पास मास्तरांच्या गुडघ्याला लागला. त्याच्या पुढचा प्लंबरने असा मारला की ऑइलचा डबा आडवा. तिसरा चेंडू गाडीखाली गेला आणि तो काढायला दोघं एकदम वाकले तेव्हा डोक्याला डोकं आपटलं.

हसू फुटायला हवं होतं. प्लंबरला फुटलंही, पण मामांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मामांनी हातोडा खिळ्याला टांगला. "उद्या बघू," म्हणाले आणि दिवा मालवायला निघाले. सांडलेलं ऑइल पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मामांच्या गॅरेजमध्ये असं कधी घडलेलं नव्हतं.

रविवारी मामा ढोल घेऊन आले. गळ्यात पट्टा, नवीन चामडं, सगळं जागच्या जागी. मामांनी बुवांच्या कानात सांगितलं, "स्टँडला गप्प बसवायचं तुम्ही बघा. माझ्या हाताचं मी बघतो." मग म्हणाले, "गप्प बसून आपण हरलो तर पोरगी चुकली. जिंकलो तर मी चुकलो. आणि बुवा, मला जिंकायचंय हो."

बुवांना गहिवरून आलं. ते पायरीवर उभे राहिले. नेहमी गर्जणारा तो गळा, आज त्यातून कुजबुजीएवढाच सूर निघाला,

"आजि आपुले मौन हेचि गाणे,
ओठी न आणावे, आत म्हणावे..."

"पोरांनो, देवाने तोंड एक दिलं, कान दोन दिले. आज हिशोब पाळा. टाळी नाही, शिट्टी नाही, ढोल नाही. मामांनी काठ्या खाली ठेवल्यात. मामांना जमतं तर तुम्हाला का जमू नये?"

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "गोल झाला तर?"

"शेजाऱ्याला मिठी मार. मुकाट्याने."

सामना सुरू झाला आणि हिरव्या शर्टांनी भरलेला सबंध स्टँड देवळाच्या गाभाऱ्यासारखा शांत. घड्याळवाल्यांचा गोलकीपर दोनदा वळून वर बघू लागला. त्यांचा पहिला पास बरोबर गेला, दुसरा बरोबर, तिसरा थोडा मागे पडला. बुटांचा आवाज ऐकू येत होता. त्यांचा कप्तान "दे! दे!" म्हणून ओरडत होता तेसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत मामांनी पहिल्यांदाच घरचा सामना कानांनी ऐकला.

"अडखळतायत," मास्तर दातांतून म्हणाले.

"शू!"

अडखळत होते खरे, पण घड्याळवाले ते घड्याळवालेच. मध्यंतरानंतर त्यांनी रेटायला सुरुवात केली. एक चेंडू खांबाला लागून परत आला. एक आपल्या गोलकीपरने बोटांच्या टोकांनी वर ढकलला. कॉर्नरमागून कॉर्नर. आपली पोरं धापा टाकत होती आणि त्यांना धीर द्यायला वरून एक हाक नाही. रांगांमधून चुळबूळ सुरू झाली. मागचा एकजण शेवटी फुटलाच. "मामा, पोरं मरतायत खाली! वाजवा की!"

डोकी वळली. मामांनी काठ्या उचलल्या होत्या. केव्हा उचलल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती मैदानाकडे बघत होती, ओठ दाताखाली धरून. ती नको म्हणाली असती तर कदाचित वाजवलंही असतं त्यांनी. ती काहीच म्हणाली नाही.

मामांनी काठ्या प्लंबरच्या हातात दिल्या. "धर. मागितल्या तरी देऊ नकोस."

आणि तेव्हाच ते झालं. सहा नंबरने न बघता चेंडू मागे सोडला, जसा तो नेहमी सोडतो, तिथे त्यांचा माणूस असणारच या भरवशावर. माणूस अजून दोन पावलं लांब होता. मध्ये घुसला आपला डावा बॅक. होय, तोच, चहात चेंडू मारणारा! त्याने मान वर केली आणि लांब, उंच, उजव्या बॅकच्या मागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकला. मास्तर उभे राहिले. सगळा स्टँड उभा राहिला. आपला नऊ नंबर पळाला, गोलकीपर पुढे आला, नऊ नंबरने चेंडू त्याच्या बाजूने अलगद ढकलला, आणि जाळी हलली.

असा गोल कोणी साजरा केला नसेल. हजारो माणसं तोंडावर हात दाबून नाचत होती. प्लंबरने मास्तरांना उचललं, मास्तर हवेत बोट दाखवून ओठांनीच "त्रिकोण! त्रिकोण!" म्हणत होते. बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. खाली नऊ नंबर स्टँडसमोर धावत आला, हात पसरून थांबला आणि घाबरून वर बघतच राहिला, की या लोकांना झालंय काय.

मामांचे हात शिवशिवत होते. गोल झाला की ढोल, हे त्यांच्या रक्तात होतं. "काठ्या दे," ते प्लंबरला म्हणाले.

"नाही देणार."

"अरे, काठ्या दे!"

"तुम्हीच सांगितलंत."

मामांनी उघडा तळवा उगारला. हातानेच वाजवणार होते. मग काय मनात आलं कोण जाणे, गळ्यातला पट्टा काढला, ढोल पायरीवर उभा ठेवला आणि त्यावर बसले. पुरते बसले, दोन्ही हात मांडीखाली घालून. नवीन चामडं करकरलं. तशा अवस्थेत, पुढच्याच्या पाठीआडून काही दिसत नसताना, त्यांनी उरलेला सामना लेकीच्या तोंडून ऐकला.

"कॉर्नर... काढला. पुन्हा त्यांच्याकडे. सहा नंबर... बाहेर मारला बाबा, बाहेर! रेफरी घड्याळ बघतोय..."

शिट्टी झाली.

आवाज असा उठला की छपरावरची कबुतरं उडाली. ऐंशी-नव्वद मिनिटं दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मामा अजून बसलेलेच होते.

लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा?"

"खरं सांग. माझ्यामुळेच हरत होतो?"

"माहीत नाही बाबा. एका सामन्यावरून कसं सांगू? डावा बॅक जन्मात पहिल्यांदा सरळ खेळला, ते काय ढोलामुळे?"

"माझ्या त्रिकोणामुळे!" मास्तर वरून ओरडले.

"गप्प बसा, मेन कॉक कोणी बंद केला? मी काय म्हणत होतो?" प्लंबर.

"आणि श्रद्धा?" बुवांचा गळा आता मोकळा झाला होता.

मामा उठले. चामड्याला मध्यभागी चांगला पोचा पडला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढणाऱ्या माणसाने त्यावरून एकदा अंगठा फिरवला. "मग ठरलं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी ते येतील तेव्हाही नाही वाजवणार."

"का? आता तर सांगितलं ना, खात्री नाही."

"खात्री करायची तर दोनदा बघायला नको का?"

लेक हसली आणि तिने बापाचा हात धरला. भोवताली रांगाच्या रांगा एकच ओरडत होत्या, "मामा! मामा! मामा!"

"सामना संपलाय ना?" मामांनी विचारलं.

"संपला."

"घड्याळवाले आत गेले?"

"सगळे गेले."

"मग दे रे काठ्या," ते प्लंबरला म्हणाले. या वेळी प्लंबरने दिल्या.