वेजाणंदला घोडा नव्हता

मी पाळिया बोलतोय. मारल्या गेलेल्या माणसाच्या नावाने वेशीबाहेर रोवतात, तो दगड. छातीवर चार ओळी कोरल्या आहेत. मला वाचता येत नाहीत. पण त्यात काय आहे ते ठाऊक आहे. छिन्नी मी सोसली आहे.

नाव वेजाणंद. जातीचा आहीर. संवत एकोणीसशे एकतीसच्या चैत्रात, याच तळ्याच्या बांधावर, मागून कुऱ्हाड घालून मारला. मारणारे गावचेच, तिघे भाऊ. त्यांना तळ्याचं पाणी आपल्या शेतांकडे वळवायचं होतं. तो वळवू देईना.

त्याची बायको रूपी पाथरवटाकडे गेली. तिथे एक तयार दगड पडून होता, घोडेस्वार कोरलेला. ज्यांनी करायला सांगितला ते न्यायला आलेच नव्हते. तो मी.

"याला कुठला घोडा? जन्मभर पायी हिंडला," रूपी म्हणाली.

"मग आता बसू दे की, बाई."

रूपीने मला बांधावर, मारेकऱ्यांच्या रोजच्या वाटेवर रोवलं. येता-जाता दिसावा म्हणून. संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळात तिची पोरं गाव सोडून गेली. कुणी परत आलं नाही. मी वाट पाहिली असं म्हणणार नाही. उभा होतो.

शेंदूर मात्र कधी चुकला नाही. दर काळीचौदसेला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, थर चढला. अक्षरं बुजली.

आज जीप आली. त्यातून साठीचा रामदे उतरला, मागे त्याचा मुलगा आणि नवी सून. त्याच्या शेल्याला तिच्या पदराची लग्नातली गाठ तशीच. ती घराण्याच्या पाळियापुढे सोडायची असते, त्याआधी सून उंबरा ओलांडत नाही. रामदेच्या लग्नात खरा पाळिया ठाऊक नव्हता, म्हणून गाठ भलत्याच दगडापुढे सोडली होती. ते त्याला आयुष्यभर खुपलं. म्हणून त्याने घराण्यांच्या नोंदी राखणाऱ्या बारोटाकडची वंशावळ उघडवली. त्यात होतं: खापरपणजोबा वेजाणंद, या तळ्याच्या बांधावर, पायी असताना पडला.

बांधावर आम्ही पाच दगड. रामदे माझ्यासमोर थांबला.

"घोडेस्वार. हा नव्हे."

आणि पुढे गेला. माझा जीव टांगणीला लागला. दगडाला हाक मारता येत नाही.

पाचही पाहून तो जीपकडे वळला, तेवढ्यात जीवीमा दिवा घेऊन आली. ऐंशीची, गावातलीच.

"माडी," रामदेने आईला मारावी तशी हाक मारली, "हा कुणाचा?"

"आमचा."

"तुमचा पूर्वज?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "आधी तू कोण ते सांग."

"रामदे. वेजाणंद आहिराच्या वंशातला."

जीवीमाने दिवा खाली ठेवला. सुनेच्या गाठीकडे पाहिलं.

"आमच्या हातून मेला तो. तिघांतला मधला माझा आजेसासरा. पुढे घरात पोरं जगेनात. तेव्हापासून शेंदूर लावतोय."

"पण घोडा?"

"मला काय विचारतोस? खरवड की!"

रामदेने किल्लीने शेंदूर खरवडला. मुलाने बोट फिरवत वाचलं, "आहीर वेजाणंद..."

रामदेने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. मग कडक आवाजात म्हणाला, "जीपमधून दोर आण. दादाला, आपल्या पूर्वजाला, घरी न्यायचं. मारणाऱ्यांच्या दारात कशाला ठेवायचा?"

जीवीमा मला पाठीशी घालून उभी राहिली.

"नेऊ नकोस रे. मग आम्ही कुणाला भ्यायचं?"

मुलगा सुनेला सोबत घेऊनच जीपपर्यंत जाऊन आला. दोर घेऊन तसाच उभा राहिला.

"आधी गाठ," रामदे गाठीकडे बघत म्हणाला. "ती सोडायला बाईमाणूस हवं. आमच्यातलं कुणी आलेलं नाही. माडी, तू सोड."

जीवीमाची बोटं गाठीशी झटताहेत. गाठ घट्ट आहे. दोर अजून मुलाच्या हातात आहे.

मला कुणी विचारणार नाही. तरी सांगतो. मला उपटू नका. रूपीने रोवलं त्याच वाटेवर राहू द्या. आणि नेलंतच, तर सुनेला एवढं सांगा, घोडा त्याचा नव्हता. तो पायी होता, आणि हटला नाही.