वाजवून घेतलेली फ्रेम

नवापूरच्या किनाऱ्यावर रामा तांडेलाला फसवून कोणी काही विकलंय, असं कधी झालं नाही. नारळ असो, मडकं असो, बायकोच्या, जमनेच्या माहेरून आलेलं पितळी भांडं असो, हा गृहस्थ वाजवूनच घेणार. त्यासाठी खिशात एक जुना, जाड रुपया कायम असायचा. बाजारात तो कधीच कोणी घेतला नसता, पण रामाचं घर तीस वर्षं त्या एका रुपयावर चाललं.

रामा फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. कापडाच्या थरावर थर आणि मध्ये रेझिन, अशी ती होडी. थर नीट चिकटलेले असले तर रुपया खणखणीत वाजतो. आत कुठे पोकळ राहिलं असेल तर डोळ्याला काही दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. पुढच्या नाळेपासून मागच्या शेपटापर्यंत टकटक करत रामा एकदा फिरला आणि "जाऊ दे पाण्यात" म्हणाला, की मालक निर्धास्त व्हायचा.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. निमेशची होडी त्याने वाजवून दिली आणि दोन महिन्यांत तिने इंजिनाखालून पाणी घेतलं. निमेश म्हणजे रामाच्या वारलेल्या दोस्ताचा मुलगा, तीन घरं सोडून राहणारा. होडीत तीन माणसं होती. दुसऱ्या होडीने ओढून आणली म्हणून वाचली. रामाने फुटलेली जागा पाहिली, आणि सगळ्या बंदरासमोर म्हणाला, "तूच खडकावर घातली असशील."  पुढचं काम निमेशने सातपाटीच्या माणसाला दिलं, आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही दिलं. रामाच्या शेडमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या.

खरी गोष्ट फक्त रामाला ठाऊक होती. ग्राइंडरच्या आवाजात आयुष्य काढल्यावर त्याच्या उजव्या कानाने दोन वर्षांपासून असहकार पुकारला होता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोचं ऐकू न येणं हा नवऱ्यांचा जुनाच आजार, त्यामुळे जमनेलाही संशय आला नाही.

त्याची मुलगी दिशा तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. उंची चार फूट दहा इंच आणि वेड सायकलचं. रविवारी केळव्याला जाऊन यायची, मनात आलं तर वाणगाव ओलांडून डहाणूपर्यंत. पण तिच्या मापाची चांगली सायकल कुठेच मिळेना. मुंबईचे दुकानदार म्हणत, "मॅडम, सीट खाली करून देतो," जणू हात-पायही सीटबरोबर जमेल तसे वरखाली होतात. शेवटी तिने चीनमधल्या शामेन बंदरातल्या एका कारखान्याशी थेट संधान बांधलं. ते कार्बनची फ्रेम मापावर बनवून देत. तिथे लिन नावाची एक बाई फोनवर लिहून उत्तरं द्यायची.

मापं रामाने स्वतः घेतली, होडीची घ्यावी तशी, टेप लावून. दुसऱ्या दिवशी लिनचा निरोप आला, की पायाचं माप उंचीशी जुळत नाही, पायात काही होतं का? होती, चप्पल होती. समुद्रापलीकडून चप्पल ओळखणारी ही बाई रामाला तेव्हाच आवडली. दिशाने दोन वर्षं साठवलेले पैसे पाठवून दिले.

वैशाख सरता सरता खोकं आलं. दिशाने ते बोईसरहून रिक्षात मांडीवर घेऊन आणलं. आतून काळी, झळझळीत फ्रेम निघाली, एका पापलेटाच्या वजनाची. जमनेने तिला कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. सगळे कौतुक करत होते आणि रामाचा हात सवयीने खिशात गेला. त्याने रुपया काढला, नळीवर टकटक करत नेला. खणखणीत, खणखणीत. पायडलच्या जागेपासून चार बोटं वर आला, आणि बद्द.

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द.  फ्रेम फुटकी की आपला कान? त्याने रुपया खिशात टाकला आणि नारळाचा प्रसाद खाल्ला.

दोन दिवस गेले. एकदा तोंडघशी पडलेला माणूस, पुन्हा तोंड उघडायला धजत नव्हता. पण वाडा गावाकडच्या उतारावर ही पोरगी वाऱ्यासारखी सुटते, हे त्याला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिशा चाकं जोडायला बसली, तेव्हा तो तिच्यासमोर येऊन बसला.

"दिशा, मला उजव्या कानानं ऐकायला येत नाय," तो म्हणाला. "दोन वरसं झाली. पण हितं बद्द वाजतंय."

दिशाने हातातला पाना खाली ठेवला.  मग तिने विचारलं, "डाव्यानं येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं," ती म्हणाली.

रामाला त्या दोन शब्दांनी जे वाटलं ते सांगता येणार नाही. वर्षभर गावात कोणी त्याच्या कानावर विश्वास ठेवला नव्हता. त्याने स्वतःही नाही.

बाकीच्या जगाचं मत वेगळं होतं. बोईसरच्या सायकलवाल्याने फ्रेम उलटीपालटी करून सांगितलं की केसाएवढी चीर नाही, बिनधास्त चालवा. दिशाच्या सायकलस्वार मित्रांनी सांगितलं की कार्बन असाच वाजतो. लिनने फोटो मागितला. आता आवाजाचा फोटो कसा काढणार? तेव्हा वारा पडलेला असताना, पंखे बंद करून, कोंबड्या हाकलून, दिशाने फोन धरला आणि रामाने सगळी फ्रेम वाजवली. त्या जागी तीनदा थांबला. तेवढंच चित्रण पाठवलं, वर एक शब्दही न लिहिता.

एक दिवस गेला. मग लिनचं उत्तर आलं. त्यांच्याकडे फ्रेमा तपासणारे हुआंग मास्तर आहेत, तेही नाण्यानेच वाजवून तपासतात. त्यांनी तुमच्या फ्रेमचा आवाज हेडफोन लावून तीनदा ऐकला. त्यांना दोष वाटतो, पण फोनवरचा आवाज दगा देऊ शकतो. तेव्हा त्याच जागी फ्रेम करवतीने कापा, आणि कापताना न थांबता चित्रण करा. आत दोष दिसला तर नवी फ्रेम पाठवू. नाही दिसला तर मात्र कारखाना काही करू शकणार नाही.

जमनेने हे ऐकून डोक्याला हात लावला. कुंकू लावलेली वस्तू कापायची, तीही सोन्यासारखी नवी, आणि कोणाच्या भरवशावर? जिला कधी पाहिलं नाही त्या बाईच्या. आत काही निघालं नाही तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. अर्धं गाव तेच म्हणालं. उरलेलं अर्धं म्हणालं, रामाचा कान, म्हणजे संपलंच.

रामालाही झोप लागेना. आत सगळं ठीक निघालं तर लेकीची बचत तर जाणारच, पण आपण कायमचे निकामी ठरणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो दिशाला म्हणाला की मी वरून दोन थर चढवून देतो, कोणाला दिसणारही नाही. असं म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. आतून सुकं राहिलेलं वरच्या लेपाने जुळत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"कापा, बाबा," दिशा म्हणाली. "तुमाला बद्द वाजली त्या सायकलवर मी आता बसूच शकत नाय."

जमनेने आधी कुंकू पुसलं आणि फ्रेमची हात जोडून क्षमा मागितली. रामाने नाकाला ओला पंचा बांधला, करवत घेतली. तीस वर्षांत शेकडो होड्या कापल्या होत्या, पण लेकीच्या बचतीवर करवत कधी चालवली नव्हती. दिशा फोन धरून उभी. काळी भुकटी पडत राहिली. शेवटचा धागा तुटला आणि नळी दुभंगून तिची तोंडं उघडी पडली.

त्याने कापलेली बाजू उजेडाकडे केली. आत कापडाला चुणी पडली होती. दोन थरांमध्ये नखाएवढी फट, कोरडी ठणठणीत, रेझिनचा टिपूसही नाही. दिशाने आगकाडी आणून घातली, ती सरळ आत गेली.

रामा आहे त्या जागी खाली बसला. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलंही नाही. "कान हाय," तो जमनेला म्हणाला. "माझा कान हाय अजून." जमनेने पदराने त्याचं तोंड पुसलं, कारण ते भुकटीने काळं झालं होतं.

चित्रण गेलं, लिनने "नवी बनवतो" असं कळवलं, आणि मग सात आठवडे काहीच नाही. गाव थट्टा करायला मोकळं झालं. रामाला रस्त्यात गाठून लोक विचारत, "काका, सायकल अर्धी चालवता का पाऊण?" रामा हसायचा. आठवड्यातून दोनदा तो दिशाला विचारी, आणि ती म्हणे, येईल. जिने चप्पल ओळखली ती बुडवणार नाही, असा तिचा हिशेब होता.

नारळी पौर्णिमेला दहा दिवस राहिले असताना खोकं आलं. आत तशीच काळी फ्रेम, दुप्पट जाड कागदात गुंडाळलेली. तिला चिकटवलेली एक लहान पुडी. पुडीत एक परदेशी नाणं होतं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं, आणि हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी. लिपी कळेना, म्हणून दिशाने तिचा फोटो लिनला पाठवला. लिनने अर्थ लिहून दिला आणि दिशाने तो बापाच्या डाव्या बाजूला बसून मराठीत वाचला.

हुआंग मास्तरांनी लिहिलं होतं: "जुन्या फ्रेमवर तपासणीचा शिक्का माझा होता. बावीस वर्षं मी हे काम करतो. त्या जागी मी नाणं वाजवलं नसेल, किंवा वाजवलं आणि ऐकलं नसेल. चूक माझी आहे. तुमच्या मुलीला काही झालं असतं तर ते मला कधी कळलंही नसतं. तुम्ही ऐकलंत, त्याबद्दल आभार. नवी फ्रेम ह्याच नाण्याने तपासली आहे. तुम्हीही एकदा तपासा."

"परत वाच," रामा म्हणाला. तिने वाचलं. "ते मधलं परत."

"चूक माझी आहे," दिशाने वाचलं.

रामा नाणं हातात घेऊन बसला. त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. फ्रेम कारखान्याने बदलून दिली होती, प्रकरण मिटलं होतं, शिक्का कोणाचा होता हे नवापुरात कोणाला कळणार होतं? तरी त्याने सांगितलं. ज्याचं तोंड कधी दिसणार नाही अशा माणसापुढे त्याने मान खाली घातली होती, आणि वर आभारही मानले होते. रामाला त्याच्याविषयी इतकं प्रेम वाटलं की काय करावं सुचेना. आणि त्या प्रेमातच एक काटा होता, तो कुठला हेही त्याला ठाऊक होतं.

तो उठला आणि चपला घालू लागला. दिशाने विचारलं की फ्रेम नाही का तपासायची. आल्यावर, असं म्हणत त्याने खिशातला रुपया फ्रेमजवळ ठेवला आणि तो निघाला.

निमेश वाळूवर काढलेल्या होडीला रंग देत होता. रामा त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. वर्षभरात दोघे इतक्या जवळ आले नव्हते. निमेशने मागे पाहिलं आणि पुन्हा ब्रश डब्यात बुडवला.

"निमेश, तुझी होडी खडकाला लागली नव्हती," रामा म्हणाला. "मला उजव्या कानानं ऐकायला येत नाय. तवाही येत नव्हतं. इंजिनाखाली मी वाकून त्याच कानानं ऐकलं, नि चांगली हाय म्हणून सांगितलं. तीन माणसं होती तुमी. वर तुलाच बोललो. चूक माझी हाय."

निमेशचा ब्रश चालत राहिला. पट्टा संपेपर्यंत त्याने तो ओढत नेला, कारण रंग मध्येच सोडला तर डाग राहतो. मग त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले, आणि रामाच्या उजव्या बाजूने वळसा घालून डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मला वाटलं होतं, तुमी येणारच नाय," तो त्या कानाशी म्हणाला. "बाबा असता तर कवाच येऊन भांडला असता तुमच्याशी, नि मिटलं असतं. चाय आणायला सांगतो. तवर इंजिनाखाली बघा जरा, दुसऱ्यानं केलंय ते."

रामाने मुठीतलं नाणं काढलं. ते त्याच्या रुपयाहून पातळ होतं, त्याचा आवाज निराळा होता. आधी त्या नाण्याची ओळख करून घ्यावी लागली. मग तो डावा कान होडीला लावून, मांजराच्या पावलाने, एकेक बोट पुढे सरकत गेला. चहा दोनदा गार झाला आणि निमेशने दोनदा नवा मागवला.

रामा घरी परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात जमना नारळ सोलत बसली होती. आणि दिशा त्याचा जुना रुपया घेऊन, नव्या फ्रेमला कान लावून, ती वाजवून घेत होती.