एक चमचा शांतिजल

"आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलं नाही!" सासूबाईंनी भर अंगणात छातीवर हात ठेवून सांगितलं आणि थेंबबाबांच्या हातून शांतिजलाचा तिसरा चमचा घेतला.

गर्दीने माना डोलावल्या. काही माना नंतर थांबेचनात.

थेंबबाबांची ख्यातीच तशी होती. कसल्याही पिणाऱ्याला शांतिजल सुरू केलं की तो गुत्त्याकडे ढुंकूनही बघत नसे. हे अगदी खरं होतं. तो सकाळ-संध्याकाळ बाबांच्याच दारात बसलेला असे.

"दारू ही सवय नाही, माउलींनो! ते तहानलेलं भूत आहे!" बाबा गरजले. "माझं पाणी बघितलं की ते थरथरतं. ही बघा, कशी थरथरतेय!"

जिची दारू सोडवायला बाबांना बोलावलं होतं ती धाकटी सून थरथरत होती खरी. चमचा तिच्या ओठांपाशी आला होता. त्यात वेलची होती, ओवा होता, साखर तर चिकट होईपर्यंत होती, आणि या सगळ्यांच्या आडून तिची जुनी मैत्रीण डोकावत होती. शिलाई मशीनच्या खणात, पिठाच्या डब्यात, गादीखाली जिला तिने वर्षानुवर्षं लपवलं, तिचा वास तिला झोपेतही ओळखू आला असता. दवाखान्यात जाऊन, गोळ्या घेऊन, रडून, घसरून, पुन्हा उठून तिने कसाबसा तिच्याशी काडीमोड घेतला होता. परत संसार थाटायला एक चमचा पुरे होता.

"ही दारू आहे," ती म्हणाली.

अंगण खो खो हसलं. "हिला नळाच्या पाण्यातही दारूच दिसणार!" शेजारीण म्हणाली.

"आई, शपथ घेऊन सांगते..."

"तुझ्या शपथा खूप ऐकल्या गं," सासूबाई म्हणाल्या आणि कारण नसताना खुदकन हसल्या.

तिने तोंड फिरवलं, म्हणजे भूत घाबरलं. तोंड उघडलं असतं तर ती संपलीच होती. मागच्या खोलीत तिला कोंडलं. शांतिजल घेतल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि दवाखानाबिवाखाना तर बंदच.

बाहेर घर मोठं आनंदात होतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. त्या सकाळी गायच्या आणि दुपारी त्याच चालीवर रडायच्या. नवरा बसचा ड्रायव्हर, चहासुद्धा बेताने पिणारा. तो दाराला कान लावून म्हणाला, "अगं, घे ना. मी कामावर जाताना दोन चमचे घेतो. रस्त्यावरचे सगळे आपलेच वाटतात बघ!"

"अहो, पाया पडते, स्टिअरिंगला हात लावू नका!" ती दारावर मुठी आपटत ओरडली.

"आई, भूत बोललं गं!"

डेपोत ड्रायव्हरांना फुंकायला लावतात ते यंत्र दुसऱ्या दिवशी कोकललं. नवरा निलंबित होऊन घरी आला. थेंबबाबांनी डोळे मिटून निदान केलं, "भूत बायकोतून उडून नवऱ्यात गेलं." डोस दुप्पट झाला. धाकटीच्या दाराला दुसरं कुलूप लागलं.

"उडून गेलं तर मला का कोंडता?" ती आतून ओरडली.

यावर बाबांनी एक चमचा स्वतःच घेतला.

शेवटी पेशंट येत का नाही हे बघायला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईच घरी आल्या. खिडकीच्या गजांतून धाकटी एवढंच म्हणाली, "मला नाही, या सगळ्यांना तपासा."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून फुंकायचं यंत्र काढलं. बाबा खूश झाले. "करा तपासणी! भूत कुणात आहे ते तुमचं यंत्रच सांगेल! सुनेला आणा बाहेर!"

"आधी सगळ्यांनी चुळा भरा, आणि थोडा वेळ काही घेऊ नका," बाई म्हणाल्या. तो थोडा वेळ अंगणाला फार जड गेला.

धाकटीने फुंकलं. शून्य. नवऱ्याने फुंकलं, यंत्र कोकललं. शेजारणीनेही कोकलवलं. सासूबाईंनी फुंकलं तेव्हा तर गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली.

"आता बाबा."

"माझा श्वास विश्वकल्याणासाठी आहे, यंत्रासाठी नाही," म्हणत बाबा मागच्या दाराकडे सरकले.

बाईंनी शांतिजलाची बाटली हुंगली. "स्वस्तातली दारू, साखरेचा पाक, वास लपवायला वेलची आणि ओवा. लोकांनी दारू सोडली नव्हती. फक्त दुकान बदललं होतं."

"मग माझे गुडघे?" सासूबाईंनी विचारलं.

"गुडघे होते तिथेच आहेत, आजी. तुम्ही ठिकाणावर नव्हता."

मग त्या गर्दीकडे वळल्या. "दारूची ओढ हा आजार आहे. दिसत नाही म्हणून भूत म्हणता? रक्तदाब तरी कुठे दिसतो? याला औषध आहे, मोकळं बोलणं आहे, घरच्यांची साथ आहे. माणूस घसरला तर हात द्यायचा, कुलूप नाही लावायचं. आणि चमत्कार कुणीही दाखवू दे, आधी विचारा, बाटलीत काय आहे?"

नवरा मान खाली घालून म्हणाला, "तू सांगत होतीस."

"मी बाटल्या लपवायचे," धाकटी म्हणाली. "तुम्ही मलाच लपवलंत."

सकाळी ती दवाखान्यात जायला निघाली, तर दारात रांग. सगळ्या घरात एकटीचा शून्य आला म्हणजे ही साधीसुधी बाई नव्हे, असं गल्लीचं रातोरात ठरलं होतं.

"माउली, डोक्यावर हात ठेवा!" शेजारीण पुढे झाली.

"अहो, मी पेशंट आहे! वाट सोडा!"

"ऐकलंत? काय हा नम्रपणा!"

तिच्या चपला कुणीतरी दर्शनाला ठेवायला नेल्या होत्या. ती अनवाणीच दवाखान्यात गेली.