मरियमचाचींची अरबी

आधी मरियमचाचींचं नाव लिहितो, मग काय घडलं ते. ह्या परमुलखात माझं बोलणं ऐकणाऱ्यांना वाटतं की ही अरबी माझी आहे. ती माझी नाही. ती औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराच्या, जुन्या भागातल्या एका ओसरीची आहे. तिथं निंबाच्या फांद्यांतून गाळून आलेलं ऊन असतं, फुलोऱ्याचा कडसर गोड वास असतो, आणि त्या उन्हात मांडी घालून बसलेल्या चाचींच्या हातात सुपारी कातरणारा अडकित्ता एकसारखा वाजत असतो.

चाचींचा आवाज म्हणजे त्या शहराखालून वाहणाऱ्या जुन्या नहरीचं पाणी. वरून काही दिसत नाही. मातीच्या नळांतून, अंधारातून ते येतं आणि अवचित उजेडात उसळतं. अरबीतलं 'ऐन' हे अक्षर उच्चारताना त्या दोन बोटं गळ्याच्या तळाशी टेकवत आणि डोळे मिटून घेत, जणू विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला लागला की नाही हे दोराच्या थरथरीवरून ओळखत आहेत. आम्ही मराठी माणसं ओठाजवळ बोलतो. त्यांचे शब्द फार खोलातून यायचे.

मी पिशोरचा. सातवीत शाळा सुटली, पुढं गाडी चालवायला शिकलो. आखातात पहिल्यांदा आलो तेव्हा पाठवणारा एजंट म्हणाला होता, "भाषेचं काय घेऊन बसला? गाडीला भाषा लागत नाय." गाडीला लागत नसेल, माणसाला लागते. त्यात माझ्या अंगात गावाकडची रीत. आमच्याकडं थोरलं माणूस बोलत असलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हूं' म्हणायचं. हूं नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो आणि माणूस उर्मट ठरतो. मालक अरबीत भराभरा बोलायचे आणि मी आदरानं हूं, हूं करत राहायचो. त्यांना वाटायचं, ह्याला कळलं, ह्यानं कबूल केलं. एके दिवशी त्यांनी मला लेकीला शाळेतून लवकर आणायला सांगितलं होतं. मी हूं म्हणालो आणि नेहमीच्या वेळेला गेलो. लहानगी पोर बंद फाटकाशी भर उन्हात उभी होती, रडून तिचे डोळे सुजलेले. मालकांचा राग मी समजू शकतो. पण घरातल्या हिंदी बोलणाऱ्या स्वयंपाक्याच्या तोंडून त्यांनी मला जे कळवलं, ते आजही निखाऱ्यासारखं आहे: "तू हो म्हणालास. तू खोटारडा आहेस." त्याच आठवड्यात मला परत पाठवलं.

खोटारडा! ज्यानं अदबीनं मान खाली घालून ऐकलं, तो खोटारडा. आणि ज्यानं 'भाषा लागत नाय' म्हणून माणसाला मुक्यासारखं विमानात बसवलं, तो प्रतिष्ठित! माझ्या मनातला हा हिशेब अजून मिटलेला नाही.

ते तोंड घेऊन पिशोरला जाववेना. शहरातच चाचींच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली, रिक्षा धरली. हळूहळू त्यांना सगळं सांगितलं, तर त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अरे दिवाने, हूं कर करके तू तो उसकू जबान देके बैठा!" मग एकदम गंभीर झाल्या. परत जायचं असेल तर मी शिकवते म्हणाल्या. "मगर मुंडी हिलाने का नै, हूं करने का नै. खाली सुनना."

ऐकणं किती अवघड असतं, हे मला त्या ओसरीनं शिकवलं. चाची अर्थ सांगत नसत. मांजरीला हाकलताना, उतू जाणाऱ्या दुधाला शिव्या देताना, न आलेल्या पावसाशी भांडताना त्या अरबी बोलत; मी गप्प बसून त्या नादाचे चढउतार अंगावर घ्यायचो. कितीतरी दिवस ते सगळं एकसलग होतं, धुक्यातल्या डोंगरासारखं. मग एके सकाळी त्यात एक झाड दिसलं, मग एक वाट, मग वाटेवरचं माणूस. बोलायची मुभा फार उशिरा मिळाली. मी बोलत असताना अडकित्ता वाजत राहिला, तर बरोबर. थांबला, तर चुकलं. काय चुकलं ते आपणच हुडकायचं. त्या थांबलेल्या अडकित्त्याची मला जेवढी धास्ती वाटली, तेवढी कुठल्या मास्तराच्या छडीची वाटली नाही.

रिक्षा स्टँडवर टिंगल व्हायचीच. "काय रंगनाथ, अरबीत गाढवाला काय म्हणत्यात रं?"

"आधी तुझं पूर्ण नाव सांग, मग सांगतो."

हसायचे सगळे. पण त्यातलाच एक शिकलेला म्हणाला होता, "ह्या वयात कान पिकत्यात बाबा, भाषा शिरत नाय." कान काय आंबे आहेत, पिकायला? लहानपणी शाळेनं दार लावलं. थोरपणी हे लोक कानाचंही दार लावायला निघाले.

चाचींना ही भाषा मिळाली ती वडिलांकडून. निजामाच्या फौजेतल्या अरबांना आमच्याकडं चाऊस म्हणत, ते त्यांच्यातले. पोलीस ॲक्शननंतर अशा कितीतरी जणांना बोटीत बसवून समुद्रापार धाडलं, त्यात तेही गेले. आई इथली, ती लहान लेकीला घेऊन इथंच राहिली. आमच्या घरात त्या दिवसांची गोष्ट सुटकेची. रझाकारांच्या भीतीनं शेतात झोपलेला माझा आजा ती सांगायचा. चाचींच्या ओसरीत तीच गोष्ट वियोगाची होती. मी दोन्ही ऐकल्या, आणि एकीसाठी दुसरी खोटी ठरवावी असं मला कधी वाटलं नाही. वडिलांचा चेहरा चाचींना आठवत नव्हता. आवाज आठवत होता. सासरे चाऊसच होते, त्यांच्याशी बोलून त्यांनी तो आवाज ओला ठेवला. तेही गेल्यावर मांजर, दूध आणि पाऊस एवढेच श्रोते उरले.

पुन्हा नोकरीसाठी एका कचेरीत मुलाखत होती. चाची हौसेनं सोबत आल्या, दाराशी बाकावर बसल्या. आखातात वर्षानुवर्षं राहून आलेले एक गृहस्थ माझी परीक्षा घेत होते. मी बोललो. त्यांनी खुर्चीत मागं रेलून हसत म्हटलं, "ही कुठली अरबी? ही मेलेली आहे. कुण्या म्हातारीच्या ट्रंकेतून काढली का?" दाराशी बुरख्याची कडा हलली, बस्स.

परतल्यावर त्यांच्या तोंडून अरबी निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मांजर आली, बसली, गेली. दूध उतू गेलं. चाची सगळं उर्दूत बोलल्या. नोकरी गेली तर दुसरी मिळेल; पण ह्या बाईंनी तोंड मिटलं तर तो आवाज पृथ्वीवरून जाईल, आणि तो माझ्यापायी जाईल! त्या गृहस्थाला ट्रंक दिसली. ट्रंकेत जपून ठेवतात ते काय असतं, हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

मग मी एकच केलं. त्यांच्यासमोर बसलो आणि बोलायला लागलो. पिशोरचा बाजार, आमची म्हैस, बहिणीचं लग्न, जे सुचेल ते, त्यांच्याच अरबीत, मोडून, तोडून, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग करत. अडकित्ता गप्प. मी थांबलो नाही. रोज संध्याकाळी माझी म्हैस ओसरीत येऊन बसू लागली. शेवटी एकदा नवरदेवाला मी काय ते भलतंच म्हणून बसलो, आणि चाचींनी अडकित्ता धाडकन आपटला.

"बस रे कमबख्त! मेरे बावा की जबान का क्या कीमा बनारा तू!" आणि मग, उसळत्या पाण्यासारखी, ती सगळी ओळ त्यांनी बरोबर म्हणून दाखवली. म्हणता म्हणता रडल्या. मी मान हलवली नाही.

ती नोकरी मिळाली नाही. पुढं दुसरी मिळाली, ही. इथं मालकांच्या घरातल्या वृद्ध आजोबांना मी संध्याकाळी समुद्रावर नेतो. सुरुवातीला त्यांच्याशी दबकतच बोलायचो. पुन्हा काही भलतं कबूल करून बसलो तर? एकदा वाऱ्याबद्दल काही म्हणालो, तर ते माझ्याकडं बघत राहिले. "हा शब्द माझी आई वापरायची," म्हणाले. "कोणी दिला तुला?" मी सांगितलं. चाचींचे वडील कुठल्या गावचे, त्यांनी विचारलं. ते चाचींनाही ठाऊक नाही. आजोबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बोल अजून."

माझा संताप त्यानं विझला नाही, उलट पेटला. म्हणजे ऐकणारे कान होते तर! समुद्राच्या ह्या काठावर ते वाट बघत म्हातारे होत होते, आणि त्या काठावर एक पोर मांजरीशी बोलत म्हातारी होत होती. मध्ये एवढी माणसं, एवढी राज्यं, एवढे शहाणे. कुणाला ही दोन टोकं जोडावीशी वाटली नाहीत.

चाची, तुमचं हे ऋण मी फेडीन. एक दिवस तुम्हाला इथं आणीन, ह्या आजोबांच्या शेजारी बसवीन, आणि तुम्ही दोघं बोलाल तेव्हा मी बाजूला गाडीपाशी उभा राहीन. तोवर तुम्ही दोघंही राहाल ना, एवढीच माझी धास्ती आहे. काळ गेलेल्या माणसाचा चेहरा नेतो, गावाचं नावही नेतो. आवाज मात्र तो ऐकणाऱ्याच्या भरवशावर मागं ठेवून जातो, आणि ऐकणाऱ्यानं उशीर केला तरी थोडा वेळ थांबतो.