दरबारी जामा

वनमालाबाईंना त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं. शुक्रवार ही निजामी मुलखातली सुट्टी, आणि अणदूरच्या मुलींच्या शाळेतून त्यांना तेवढीच एका दिवसाची सुटका मिळे. पण नळदुर्गला सिनेमाच्या ऐतिहासिक कपड्यांचं प्रदर्शन लागलंय, असं शाळेचे चिटणीस मल्लिकार्जुन यांच्या कानावर आलं होतं. शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी ते बघावं, असं त्यांनीच ठरवलं. गाडीवान महांतप्पाच्या बैलगाड्याही त्यांनीच सांगितल्या. मुलींना घेऊन जायचं काम तेवढं बाईंवर आलं.

लढाई सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. कापड कंट्रोलवर होतं, कार्डावर मोजून मिळे, आणि कंट्रोलच्या दुकानात आलेलं कापड कुठं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नव्हतं. मुलींचे परकर बापाच्या जुन्या धोतरांतून काढलेले. बाईंच्या अंगावरचं लुगडंही दोन फाटक्या लुगड्यांचे धड भाग जोडून केलेलं. मधली जोडाची शिवण, दांड, त्या निऱ्यांत लपवत. शिवणाच्या वर्गाला दोन वर्षांत नवं कापड मिळालं नव्हतं. मुली त्याच चिंध्यांवर टीप घालत, उसवत, पुन्हा घालत.

गाड्या नळदुर्गला पोचल्या तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. प्रदर्शन जुन्या सराईतल्या एका लांबट खोलीत होतं. ते मांडणारे दादामियाँ मूळचे इथलेच शिंपी. कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत त्यांनी बारा-पंधरा वर्षं राजा-राण्यांचे कपडे शिवले होते. लढाईत फिल्म मिळेनाशी झाली, अर्धा झालेला सिनेमा बंद पडला, कंपनी बुडाली. मालकानं कपड्यांच्या पेट्या त्यांनाच देऊन टाकल्या. त्या घेऊन ते आणि त्यांची बायको अजीजाबी गावी परतले होते. एखादी नाटक कंपनी सगळे कपडे घेईल, म्हणून ते बांबूंवर टांगून ठेवले होते. सोमवारी सोलापूरहून एक नाटकवाला बघायला येणार होता.

दादामियाँ मुलींना एकेक कपडा दाखवत गेले, पण दहादा सांगितलेलं अकराव्यांदा सांगावं तसे बोलत होते. लांबून लोखंडी वाटणारं चिलखत जवळून पाहिलं तर सुतळीचं निघालं. अजीजाबीनं ते विणून वरून चंदेरी रंग दिला होता. मावळ्यांच्या बंड्या गोणपाटाला चहाच्या पाण्यात बुडवून केलेल्या. राणीचा शालू मात्र खरा होता. मुलींनी विचारलं तेवढ्याची उत्तरं त्यांनी दिली. वनमालाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे पाय दुखत होते, आणि परतीचे अडीच-तीन तास त्यांच्या डोळ्यांपुढं होते.

शेवटच्या बांबूवर महाराजांचा दरबारी जामा होता. पांढऱ्या तलम मलमलीचा, छातीला जरीची वेल, आणि कमरेखाली केवढा तरी घेर. लढाईच्या आधी घेतलेलं कापड, दादामियाँ म्हणाले. घेराला तिरक्या कळ्या कापल्या नव्हत्या. कापडाचे अख्ख्या रुंदीचे सरळ पन्हेच्या पन्हे चुण्या घालून कमरेला जोडले होते. एक अख्खा पावसाळा त्या दोघांनी तो हातानं शिवला होता. ज्या दिवशी नट तो घालणार, त्याच्या आदल्या दिवशी काम थांबलं. चंद्रप्रभा नावाची एक मुलगी खाली बसून घेराची दुमड उलटून बघत राहिली. टीप कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते तिला सापडेना.

तेवढ्यात दारात वली पिंजारी येऊन उभा राहिला. आत मुली बघून तो बाहेरच थांबला आणि दादामियाँना हाक मारली. त्याची आई लालबी सकाळी वारली होती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर माती द्यायची होती आणि कफनाला कापड नव्हतं. कंट्रोलचं दुकान शुक्रवारचं बंद, कारकून तुळजापूरला गेलेला. वली चार घरं हिंडून आला होता. लालबीनं स्वतःच्या कफनासाठी कापड कित्येक वर्षं पेटीत जपलं होतं; पण मागच्या थंडीत नातवंडं कुडकुडत होती, तेव्हा तिनंच ते काढून त्यांची कुडती शिवायला लावली. शिंप्याकडं एखादं पांढरं ठाण शिल्लक असेल, एवढ्या आशेनं वली आला होता.

दादामियाँनी सांगितलं, ठाण सोडा, हातभर कापड न्हाय. खरंच नव्हतं. वलीनं मान हलवली. त्याला तेच उत्तर अपेक्षित असावं. तो वळला.

अजीजाबी कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि जाम्यापाशी येऊन थांबली. दादामियाँनी तिच्याकडं पाहिलं, आणि ते दोघं हळू आवाजात दखनीत बोलले. वनमालाबाईंना त्यातलं सोमवार आणि सोलापूर एवढं कळलं. मग अजीजाबी मराठीत बोलली, बहुतेक वलीलाही कळावं म्हणून.

"म्हातारी उघडी जाणार काय?"

 दादामियाँनी स्वतः जामा बांबूवरून उतरवला, चटईवर पसरला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून बसले.

वलीनं दारातूनच विचारलं, हे नाटका-तमाशात कुणी घातलेलं तर न्हाय? अजीजाबीनं त्याला सांगितलं की याला अजून कुणाचं अंग लागलेलं नाही. जरीचा भाग काढून टाकू, घेर धुऊन देऊ. फक्त कफनाला टाका चालत नाही. सगळं उसवावं लागेल, आणि तिच्या एकटीच्यानं ते असरपर्यंत होणार नाही. ती कुणाकडं बघून हे म्हणाली नव्हती.

वनमालाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की मुलींना गाडीत बसवावं आणि निघावं. बघायचं ते बघून झालं होतं. मुलींनी कफनाला हात लावला, हे संध्याकाळपर्यंत अणदूरभर होईल. मग विटाळ, आंघोळी, कुणाचा बाप दारात येईल. ते सगळं ऐकून घ्यायला त्यांच्यात आता त्राण नव्हतं. तसं आपल्यात कशालाच त्राण नाही, असंही त्यांना वाटलं.

चंद्रप्रभा त्यांच्याजवळ आली.

"बाई, उसवायला आमाला येतं."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग मुलींना सांगितलं, ज्यांना नको वाटतंय त्यांनी गाडीत जाऊन बसा, मी रागावणार नाही. सात-आठ मुली गेल्या. उरलेल्या चटईभोवती बसल्या. बाईंनी पदर खोचला आणि त्याही बसल्या.

अजीजाबीनं सुया आणि दोन लहान कात्र्या दिल्या. टाके इतके बारीक होते की सुईचं टोक आत शिरेना. एकेक टाका उचलायचा, तोडायचा, दोरा ओढायचा. खोलीत उकाडा होता. एका मुलीच्या बोटाला सुई लागली, तेव्हा तिनं बोट तोंडात धरलं आणि कापडाला रक्त लागू नये म्हणून जरा दूर सरकून बसली. चुण्या सुटत गेल्या, तसतसे पन्हे मोकळे होऊन चटईबाहेर पसरले. बाईंनी दोन वर्षं शिवण शिकवलं होतं. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी टीप त्यांनी अशी जवळून कधी पाहिली नव्हती, आणि पाहता पाहता ती त्यांच्याच हातानं संपत होती.

ऊन कललं तेव्हा घेर पुरा सुटला. अजीजाबीनं कापड विहिरीवर नेऊन धुतलं, पिळलं. वाळवायला वेळ नव्हता. वलीनं ते ओलंच खांद्यावर घेतलं. त्यानं बाईंपुढं हात जोडले, दादामियाँपाशी क्षणभर थांबला, आणि झपाझप निघून गेला.

मुली हात धुऊन पाणी प्यायला गेल्या. दादामियाँ आत आले. चटईवर जाम्याचा वरचा भाग तेवढा उरला होता, बाह्या आणि जरीची छाती. ते खाली वाकून उसवलेली कड बोटांनी चाचपू लागले.

काहीतरी बोलावं म्हणून बाईंनी विचारलं, असा दुसरा करता येईल का?

"कापड कुठंय, बाई? आन असतं तरी आता डोळ्यात न्हाय." कड उलटून बघत ते म्हणाले, "पोरींनी कुठं फाडलं न्हाय. चांगलं उसवलं."

परतताना मुली एकमेकींच्या अंगावर कलंडून झोपल्या.  बाईंच्या बोटांची टोकं सुजून ठणकत होती.

पुढं जे व्हायचं ते झालं. दोन मुलींची नावं त्यांच्या बापांनी काढून घेतली. त्यातली एक शिमग्यानंतर परत आली, दुसरी आलीच नाही. सोलापूरच्या नाटकवाल्यानं बंड्या, चिलखतं आणि शालू नेला. महाराजांचाच पोषाख नाही म्हणून तो नाखूश होता, असं महांतप्पाकडून कळलं. पावसाळ्याआधी दादामियाँ आणि अजीजाबी सोलापूरला गेले. दादामियाँना तिथं एका गिरणीच्या गोदामात काम मिळालं होतं, शिवणाचं नव्हे.

त्या शुक्रवारनंतर लगेचच मल्लिकार्जुन यांनी बाईंना घरी बोलावून घेतलं होतं. ते रागावले नाहीत. मुली तिथं काय शिकल्या, एवढंच त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, जामा कसा जोडलेला असतो ते मुलींनी पाहिलं. ते म्हणाले, हे बाहेरूनही पाहता आलं असतं. बाहेरून टीप सापडतच नव्हती, असं उत्तर बाईंना सुचलं होतं, पण ते द्यायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं. त्यांनी शिवणाच्या वर्गासाठी थोडं कापड मागितलं. बघू, ते म्हणाले.

बाई शाळेत परत आल्या. तास शिवणाचा होता. मुली त्याच चिंध्या पुढ्यात घेऊन वाट बघत बसल्या होत्या. बाईंनी त्यांना त्या ठेवून पाट्या काढायला सांगितल्या आणि फळ्यावर भागाकार घातला.