रविवारची गरम गाडी

व्हर्ना डुचाकच्या मते माणसं दोन प्रकारची होती. एक, ज्यांना गाडीतलं कळतं. दुसरी, जी तिच्या गॅरेजात येऊन "कसलातरी आवाज येतोय" म्हणतात. अख्ख्या हॅलबर्ग गावात पहिल्या प्रकारात ती एकटीच मोडत होती, आणि हा हिशेबही तिचा तिनेच केलेला होता.

आयव्हर सँडविक दुसऱ्या प्रकारातले. वय एक्क्याऐंशी, गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेलं. व्हर्नाला त्यांनी सातवीत दोनदा नापास केलं होतं. ती गोष्ट आपण केव्हाच विसरलो, असं ती सांगायची, आणि वरचेवर सांगायची.

डिसेंबरात तिनेच सरांच्या गाडीला रिमोट बसवून दिला होता. बटण तीनदा दाबलं की लांबूनच इंजिन सुरू होतं आणि हीटर लागतो. चोर आत शिरलाच तर ब्रेकवर पाय पडताक्षणी इंजिन बंद पडतं, कारण चिप असलेली खरी किल्ली मालकाच्या खिशात. सरांनी हे हौसेपायी करून घेतलं नव्हतं. त्यांची बायको थेल्मा दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात होती आणि दर रविवारी दुपारी दोन तास तिला घरी न्यायचं, एवढंच त्या दोघांचं आठवड्याभराचं सुख उरलं होतं. सर अकराला जात, तिच्याबरोबर जेवत, मग तिला कोट चढवत. त्यातच पाऊण तास जाई. तेवढ्यात सर गाडी सुरू करायला म्हणून बाहेर गेले, की थेल्माला वाटे हा गेला तो गेलाच. ती रडत रडत बटणं काढी, आणि एकदा काढलेला कोट त्या दिवशी पुन्हा अंगावर चढत नसे. गाडी थंडगार असली तर दारातच तिचा श्वास अडके. पूर्वी सर गाडी चालू ठेवूनच आत जायचे, तर मागच्या फेब्रुवारीत कुणीतरी ती तशीच पळवली आणि खड्ड्यात सोडून दिली.

म्हणून रिमोट. आणि तो रविवारी चालत नव्हता.

"इथे तर चालतोय की," व्हर्ना गॅरेजच्या दारातून बटण दाबत म्हणाली. बाहेर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. "हे बघा. माझ्या हातात बरी चालते."

"इथे चालते गं," सर म्हणाले. "तिथे नाही चालत. सलग तीन रविवार झाले."

"मग गाडीला वृद्धाश्रम आवडत नसेल. आपल्यालाही कुठे आवडतो?"

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. "मी नोंद ठेवलीय. तारीख, तापमान, आणि दिवे किती वेळा लुकलुकले ते. दर वेळी सहाच."

"दिवे लुकलुकतातच हो सर, तुम्हाला रामराम करतात." व्हर्नाने वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रिमोटबरोबर एक पुस्तिका आली होती, ती खोक्यातून बाहेरही निघाली नव्हती. पुस्तिका वाचणारा मेकॅनिक म्हणजे पाककृती बघून चहा करणारा माणूस, असं तिचं मत होतं. "बटण कसं दाबता ते दाखवा बरं."

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने तिच्यासमोर उभं राहून तीनदा बटण दाबून दाखवलं. तिने ते परीक्षेला बसवल्यासारखं बघितलं, आणि तिला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण ती तेव्हा नाही वाटली.

तरी कामाला ती चोख. तिने रिमोटचा सेल बदलला, काचेवरची अँटेना बदलली. चोरी रोखणाऱ्या यंत्राला किल्लीची चिप ओळखू येते की नाही, हे दोनदा तपासलं. सगळं ठाकठीक होतं. गाडीत दोष नाही म्हटल्यावर दोष कुणात, हे तिच्या लेखी उघडच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्लिंग रिंकच्या, म्हणजे गावच्या बर्फावरच्या खेळाच्या हॉलच्या, कॅन्टीनमध्ये तिने ते सगळ्यांना सांगितलं. तिथे एक लांब टेबल होतं. रोज सात वाजता त्यावर सात-आठ जण कॉफी घेऊन बसत आणि गैरहजर असेल त्याला सोलून काढत. गहू, हवामान आणि दुसऱ्याची फजिती, याशिवाय त्या टेबलाला चौथा विषय ठाऊक नव्हता. व्हर्ना तिथली मानकरीण. तिने सरांची बटण दाबण्याची नक्कल अशी केली, की धान्याच्या कोठारावरच्या ड्वेनच्या नाकातून कॉफी आली.

"मास्तरांना म्हणावं, बटणाची आधी हजेरी घ्या!" ड्वेन म्हणाला.

चौथ्या रविवारी पारा उणे चौतिसावर होता. थेल्माने परत कोट काढून टाकला. सोमवारी सरांनी फोन केला, तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "आता ती कोट बघितला तरी मान फिरवते, व्हर्ना. अजून एक-दोन वेळा असं झालं तर बाहेर जायचं असतं हेच विसरून जाईल."

"येत्या रविवारी मीच येते," व्हर्ना म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवते. मग तर झालं?"

ती मदतीला निघाली होती, असं कुणी म्हणू नये. ती स्वतःचं म्हणणं खरं करायला निघाली होती.

रविवारी पावणेदोनला ती वृद्धाश्रमाच्या आवारात उतरली. सगळ्या गाड्या आपापल्या खांबाला वायरने बांधलेल्या, गोठ्यातल्या गाईंसारख्या उभ्या होत्या. या थंडीत इंजिन विजेवर ऊबदार ठेवलं नाही तर तेलाचा गोळा होतो. सगळ्यांच्या वायरी पुढच्या जाळीतून बाहेर आलेल्या. सरांचीच तेवढी बॉनेटच्या फटीतून निघाली होती. वायर चेपू नये म्हणून बॉनेट नुसतं टेकवून ठेवलेलं, खटका न लागलेलं.

व्हर्ना मोठ्याने हसली. बॉनेट उघडं असलं की रिमोट इंजिन सुरू करत नाही. कुणाचा हात आत असताना पंखा फिरू नये म्हणून तिथे एक बारीक स्विच असतो, आणि तो तिनेच बसवला होता. बसवला, आणि सांगायचा राहिला. सहा वेळा लुकलुकून दिवे 'बॉनेट उघडं आहे' हेच सांगत असणार, आणि ते पुस्तिकेत लिहिलेलंही असणार, हे तिला आत्ता उभ्या उभ्या कळलं. पण त्यावर विचार करण्याआधी तिचा हात खिशात गेला. तिने फोटो काढला, खाली लिहिलं, 'सापडला दोष! गणिताचे मास्तर बॉनेट उघडं टाकून बटण दाबतात', आणि टेबलवाल्यांच्या ग्रुपवर पाठवून दिला. मग वायर जाळीतून ओढून घेतली, बॉनेट दाणकन लावलं आणि आत गेली.

थेल्मा खिडकीशी खुर्चीत बसली होती. निळा कोट अंगात होता, पण सगळ्यात वरचं बटण तिने मुठीत धरलं होतं. सर तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"दाबा," व्हर्ना म्हणाली.

सरांनी तीनदा दाबलं. बाहेर गाडी घरघरली आणि मागून पांढरी वाफ निघाली.

"आपली गाडी," थेल्मा म्हणाली.

"आपलीच," सर म्हणाले.

पंधरा मिनिटांनी थेल्मा त्यांच्या हाताला धरून दारातून बाहेर आली, गरम गाडीत बसली आणि तिने स्वतःहून पट्टा ओढून घेतला. सरांनी दार लावलं आणि व्हर्नाकडे वळले. "काय होतं गं?"

"बॉनेट. वायर त्यातून काढता, म्हणून ते पूर्ण लागत नाही. पण सर, असं करतं का कुणी? जाळीतून काढायची की!"

"आधी तशीच होती." सरांनी हातमोजे नीट केले. "नोव्हेंबरात मी वायर काढायला विसरलो आणि खांबाची लांब वायर गाडीमागे फरफटत पार पोस्टापर्यंत गेलो. तुम्ही सगळे रिंकच्या खिडकीत होतात. तू दार उघडून ओरडलीस, 'मास्तर, कुत्रं फिरवताय का?' " ते किंचित हसले, उसनं हसू. "त्यानंतर मी ती वायर बॉनेटच्या आत बांधून ठेवायला लागलो. बॉनेट लावायचं म्हणजे आधी वायर काढावी लागते. विसरायची सोयच राहत नाही."

व्हर्नाला ते दार आठवलं, ते ओरडणंही. टेबलावर त्यावर आठवडाभर हशा पिकला होता.

"चूक माझीच," सर म्हणाले. "रविवारचं तुला इथवर यायला लावलं." त्यांनी गाडीत एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक मागू का? हे टेबलावर नको सांगूस. मीही कधीमधी तिथे येऊन बसेन म्हणतो. घरी आठवडाभर बोलायला कुणी नसतं गं."

व्हर्नाच्या खिशात फोन थरथरला. लगेच आणखी एकदा. मग थांबेचना.

"नाही सांगणार, सर," ती म्हणाली.

सर समाधानाने गाडीत बसले. थेल्माने काचेतून तिला हात केला, आणि व्हर्नाने खिशातला हात बाहेर न काढता दुसऱ्या हाताने उत्तर दिलं.